मर्जर, बदली, व्हीआरएस आणि आपली तब्येत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका सरकारी बँकेत ३२ वर्षं काढली. शेवटी शाखाधिकारी होते आणि त्याच काळात आमची बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली. दोन्ही बँकांची नावं इथे घेत नाही. निवृत्त झाल्यावरही जुने सहकारी, त्यांची आयटीतली मुलं, वीज कंपनीतले शेजारी फोन करतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाच लिहून काढले. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. जिथे त्यांच्याकडे जायला हवं तिथे तसं लिहिलं आहे.

फेररचना म्हणजे शेवटी नोकरकपातच ना?

नाही. कपात हा तिचा एक प्रकार. ६ जून २००५ ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि सूत्रधारी कंपनी अशा चार कंपन्या झाल्या, ती फेररचनाच. १ ऑक्टोबर २००० ला दूरसंचार खात्यातून बीएसएनएल निघाली, तीही. १ एप्रिल २०१७ ला पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक स्टेट बँकेत गेल्या. त्यातली स्टेट बँक ऑफ हैदराबाद म्हणजे मराठवाड्याची घरची बँक. निजामाच्या काळात, १९४१ मध्ये सुरू झालेली. नांदेड-परभणीकडे ‘हैदराबाद बँकेत आहे’ म्हटलं की मुलगा लग्नाच्या बाजारात वर जायचा. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया या बँका बँक ऑफ बडोदात गेल्या आणि बरोबर एक वर्षाने दहा बँकांच्या चार झाल्या. २०१७ च्या सुरुवातीला २७ सरकारी बँका होत्या, २०२० मध्ये १२ उरल्या.

खासगीत याला दर वर्षी नवं गोंडस नाव मिळतं. दोन टीम एक करणं, मधली एखादी पायरी काढून टाकणं, काम बाहेरच्या एजन्सीला देणं, साहेबाचा साहेब बदलणं, सगळं त्यातच आलं. तुमची खुर्ची आहे तिथेच असली तरी ती कोणाच्या हाताखाली आहे हे बदललं, तर तुमची फेररचना झालेली आहे.

माझी नोकरी शाबूत आहे, पगारही तोच आहे. मग झोप का उडाली?

हा प्रश्न विचारताना लोक जरा ओशाळतात. ‘मॅडम, खरं तर तक्रार करण्यासारखं काही नाही’ अशी सुरुवात असते.

दहा बँकांच्या मर्जरची घोषणा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ३० ऑगस्ट २०१९ ला केली. एकाचीही नोकरी जाणार नाही, हे तेव्हाच सांगितलं गेलं होतं आणि ते खरंही होतं. मंत्रिमंडळाची मंजुरी ४ मार्च २०२० ला आली आणि अंमल १ एप्रिलपासून झाला. म्हणजे मधले सात महिने गेले. या सात महिन्यांत एका साध्या क्लार्कला काय माहीत होतं? आपली शाखा राहणार की समोरच्या चौकातल्या दुसऱ्या शाखेत मिसळणार, माहीत नाही. सिनिऑरिटी कशी लागणार, माहीत नाही. स्टाफ लोनचा दर, मेडिकलची मर्यादा, पोरीची दहावी आणि आपली बदली एकाच वर्षी येणार का, यातलं काहीच माहीत नाही. अंमल सुरू झाला तेव्हा देशात लॉकडाउन होता. निरोपाचा चहासुद्धा तोंडावर फडकं बांधून झाला.

वाईट बातमी माणूस पचवतो. बदली गडचिरोलीला झाली म्हटल्यावर दोन दिवस चिडचिड होते आणि तिसऱ्या दिवशी तो तिथे भाड्याचं घर मिळतं का याची चौकशी सुरू करतो. बदली होणार की नाही हेच कळत नसेल, तर चौकशी कशाची करणार? शरीर मात्र तयारीतच बसून राहतं. नाडी वाढलेली, पोट बिघडलेलं, रात्री तीनला टक्क जाग. फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांना बदलाने त्रास दिलेला नसतो. त्यांना अधांतरी ठेवल्याने त्रास झालेला असतो. माझा स्वतःचा रक्तदाबही मर्जरच्या आधी वाढला आणि मर्जरनंतर उतरला.

ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांचं दुःख कळतं. पण राहिलेल्यांच्या तब्येतीवर खरंच परिणाम होतो, की मनाचे खेळ?

होतो, आणि तो मोजलेला आहे. १९९१ ते १९९३ या काळात फिनलंडमध्ये मोठी मंदी होती आणि नगरपालिकांनी माणसं कमी केली. तिथल्या दहा गावांतल्या, नोकरी टिकलेल्या सुमारे २२,००० कर्मचाऱ्यांवर संशोधकांनी पुढे काही वर्षं लक्ष ठेवलं. त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे १८ टक्क्यांहून जास्त माणसं कमी झाली होती, तिथे मागे राहिलेल्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण, कपात न झालेल्या ठिकाणांच्या सुमारे दुप्पट निघालं. आणि हा धोका पहिल्या चार वर्षांत सर्वांत जास्त होता.

कारण शोधायला लांब जायला नको. पाच माणसांचं काम तिघांवर येतं, त्या तिघांना आपली पाळी कधी याची धास्ती असते आणि काम कसं करायचं हे ठरवायचा अधिकारही आक्रसतो. गेलेल्यांबद्दल एक अपराधीपणाही असतो. तो कोणी बोलून दाखवत नाही.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. कपातीनंतर कायम कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा वाढल्या, हंगामी कर्मचाऱ्यांच्या वाढल्या नाहीत. ते ठणठणीत होते असा याचा अर्थ मी लावत नाही. ज्याची ऑर्डर पुढच्या महिन्यात संपते तो ताप अंगावर काढतो, हे शाखेत रोज पाहिलं आहे.

आमच्या नावामागे ‘ई’ लावतात. एवढ्याशा गोष्टीचा इतका राग का येतो?

बाहेरच्यांसाठी सांगते. मर्जरनंतर विलीन झालेल्या बँकेच्या माणसांना आणि शाखांना ओळखायला ‘पूर्वाश्रमीचा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर लावायची पद्धत पडली. ई-देना, ई-विजया, ई-ओबीसी (म्हणजे ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स). यादी करायला ते सोयीचं आहे, मान्य. पण तीच यादी प्रमोशनच्या वेळी निघते, बदलीच्या वेळी निघते, आणि मग मीटिंगमध्ये कोणीतरी सहज म्हणतं, ‘ई-वाल्यांचा बिझनेस कमी आहे.’ संन्याशाला पूर्वाश्रम विचारू नये म्हणतात. इथे दर महिन्याला विचारतात.

राग येतो कारण बँक ही नुसती नोकरी नव्हती. तिसाव्या वर्षापर्यंत आपण अमक्याची मुलगी असतो आणि पुढे अमक्या बँकेतल्या मॅडम होतो. गावात तीच ओळख असते.

आमच्या शाखेतला प्रसंग सांगते. जुने रबरी शिक्के सगळे गोळा करून, यादीसकट रिजनल ऑफिसला पाठवायचा आदेश होता. आमच्या शिपायाने ते काउंटरवर मांडले. ‘रोख मिळाली’, ‘रद्द’, ‘वर्ग केले’, गोल शिक्का, शाखाधिकाऱ्याचा चौकोनी. एकूण ४१ निघाले. त्याने प्रत्येक शिक्का आधी पॅडवर आणि मग कोऱ्या कागदावर उमटवला, ‘यादीसोबत नमुना लागतो ना’ म्हणून. आदेशात नमुन्याचा उल्लेखच नव्हता. तो कागद त्याने घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला. मी पाहिलं आणि काही बोलले नाही.

तेव्हा राग येतो तर येऊ द्या. फक्त तो काउंटरवर, शेजारी बसलेल्या मूळ बँकेच्या (म्हणजे आपल्याला सामावून घेणाऱ्या बँकेच्या) पोरावर काढू नका. ‘ई’ त्याने लावलेला नाही.

माझं वय ५४. नवी सिस्टिम डोक्यात शिरत नाही. माझाच दोष आहे का?

नाही. जुनी सिस्टिमही तुमच्या डोक्यात कधीच नव्हती, ती बोटांत होती. आमचे हेड कॅशियर ग्राहकाशी शेतीच्या गप्पा मारता मारता, स्क्रीनकडे न बघता एंट्री मारायचे. मायग्रेशननंतरच्या, म्हणजे सगळी खाती नव्या सिस्टिमवर गेल्यानंतरच्या सोमवारी तेच गृहस्थ मेनूचा कोड आठवत, एका बोटाने एकेक अक्षर शोधत बसले होते. मॉनिटरच्या कडेला त्यांनी कोड लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती आणि ती पंख्याच्या वाऱ्याने सारखी उलटत होती. रांग दारापर्यंत गेलेली. त्यात एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, ‘भाऊ, नवीनच आलात का बदलून?’ ३१ वर्षं त्याच गावात नोकरी केलेला माणूस. ते हसले, पण दुपारी डबा न खाता परत घेऊन गेले.

त्या आठवड्यात आमचं चुकलं ते असं. प्रशिक्षण म्हणजे दोन तासांचं ऑनलाइन सत्र आणि ९० पानांची पीडीएफ. काउंटर एक दिवसही हलका केला नाही. तिसऱ्या दिवशी कॅश टॅली होईना, तेव्हा मी मूळ बँकेच्या शाखेतली एक मुलगी चार दिवसांसाठी मागून आणली. वय २६. ती शेजारी खुर्ची टाकून बसली आणि ‘काका, हे असं’ एवढंच म्हणत राहिली. पीडीएफने जे केलं नाही ते तिने केलं. तुमच्या ऑफिसात अशी मुलगी किंवा मुलगा असेल तर लाज सोडून शेजारी बसवा. साहेब असाल तर पहिले दहा दिवस टार्गेटचं नाव काढू नका.

बदली लांब झाली आहे. जाऊ की नोकरी सोडू?

दोन्ही टोकांच्या मध्ये बरंच काही असतं. बदली धोरणात महिला, अपंग, गंभीर आजार, जोडीदाराची नोकरी यासाठी तरतुदी असतात. अर्ज त्या त्या कलमाचा उल्लेख करून करा, ‘कौटुंबिक अडचण’ एवढंच लिहू नका. कागद जोडा. पोच घ्या. युनियनकडे प्रत द्या. आणि रिलीव्ह होण्याआधी करा, नंतर तो अर्ज फायलीत म्हातारा होतो.

जावंच लागलं तर पहिल्या महिन्यात खानावळीचा डबा लावा, रात्री खोलीवर एकट्याने जेवू नका. हसू नका, माझ्याकडे आलेल्या सर्वांत वाईट केस याच आहेत: पन्नाशीतला पुरुष, परगावी एकटा, संध्याकाळी सातनंतर बोलायला कोणी नाही आणि मग हळूहळू बाटली.

व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना, आली आहे. घ्यावी का?

तुमच्यासाठी मी हो-नाही सांगणार नाही. पण गर्दीबरोबर वाहून घेऊ नका एवढं सांगेन. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांच्या व्हीआरएसमध्ये लाखाच्या आसपास माणसं बाहेर पडली. बीएसएनएल आणि एमटीएनएलची योजना ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर २०१९ या एका महिन्यात उघडून बंद झाली. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी ती होती. बीएसएनएलच्या सुमारे ७८,५०० आणि एमटीएनएलच्या सुमारे १४,४०० जणांनी ती घेतली, आणि ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी सगळे घरी गेले. निम्मं ऑफिस एका संध्याकाळी रिकामं झालं. उरलेल्यांचं काय, हा वरच्या फिनलंडवाल्या प्रश्नाचा भाग.

मी लोकांना कागद-पेन घेऊन बसवते. हातात येणारी रक्कम, तिच्यावरचा कर (ठरावीक अटींवर ५ लाखांपर्यंत माफ असतो), पेन्शन किती आणि कधीपासून, मेडिकल राहतं की जातं, कर्जं किती, मुलांचं शिक्षण किती उरलं. हे झालं की खरा प्रश्न विचारते: १ तारखेला सकाळी साडेनऊला तुम्ही काय करणार? याचं उत्तर ‘आराम’ असेल तर अजून आठ दिवस थांबा. आराम तीन महिने पुरतो. आणि पैसे आल्याची बातमी मेव्हण्याला सांगायची घाई करू नका.

एक गोष्ट ओळखायला शिका. ‘घेता येईल’ आणि ‘घ्याच, नाहीतर बघा’ यांत फरक आहे. दुसरं ऐकू आलं तर कोण, कधी, काय म्हणालं ते त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा.

एवढा दबाव टाकणं हा गुन्हा ठरू शकतो का?

फ्रान्समध्ये ठरला. तिथल्या फ्रान्स टेलिकॉमचं खासगीकरण झालं, पण बहुतेक कर्मचारी सरकारी सेवेतले असल्याने त्यांना काढता येत नव्हतं. २००६ च्या सुमारास व्यवस्थापनाने तीन वर्षांत २२,००० माणसं कमी करायचं ठरवलं. मग बदल्या, बिनकामाच्या जागा, तंत्रज्ञाला अचानक कॉल सेंटरवर बसवणं, असं सुरू झालं. लोक स्वतःहून जावेत म्हणून. काही लोक वेगळ्याच वाटेने गेले. न्यायालयाने ३९ कर्मचाऱ्यांची प्रकरणं तपासली, त्यांतल्या १९ जणांनी आत्महत्या केली होती. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनी आणि तिचे माजी प्रमुख दिदिए लोंबार यांना संस्थात्मक छळाबद्दल दोषी ठरवलं. शिक्षा पुढे अपिलात सौम्य झाली, दोष मात्र जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला.

एका साहेबाने एका कर्मचाऱ्याला छळलं असा हा खटला नव्हता. धोरणच छळाचं होतं, असं न्यायालय म्हणालं. आपल्याकडे अशी तरतूद नाही. पण ‘वरून आदेश आहे, मी काय करू’ म्हणणाऱ्या प्रत्येक झोनल साहेबाला हा निकाल माहीत असावा असं मला वाटतं.

ऑफिसने ध्यान-शिबिर ठेवलं आहे. जावं का?

जा, तासभर बसायला मिळतं. पण कामाचे तास, माणसांची संख्या आणि बदलीची यादी यांविषयी तिथे कोणी बोलणार नसेल, तर ते डोकेदुखीवर बाम आहे. बाम लावू नये असं मी म्हणत नाही.

मीच शाखाधिकारी आहे. मलाही काही माहीत नसतं. लोकांना काय सांगू?

‘मला माहीत नाही’ हेच सांगा. त्यापुढे ‘शुक्रवारी साडेपाचला पुन्हा बसू, तोवर कळलेलं सगळं सांगेन’ एवढं जोडा आणि शुक्रवारी खरंच बसा, काही कळलं नसलं तरी. मी हे उशिरा शिकले. सुरुवातीला मी ‘काळजी करू नका, सगळं नीट होईल’ म्हणायचे. मग एकदा आमच्या क्लार्क बाई म्हणाल्या, ‘मॅडम, तुम्ही असं म्हटलं की मला जास्त भीती वाटते.’ त्यानंतर ते वाक्य सोडून दिलं.

शुक्रवारची बैठक सुरू झाल्यावर अफवा थांबल्या नाहीत, पण त्यांची मुदत आठवड्याची झाली. व्हॉट्सॲपवर आलेली बनावट बदली यादी लोक मला दाखवायचे, एकमेकांना पाठवण्याआधी.

आणखी दोन गोष्टी तुमच्या हातात असतात. रजा अडवू नका. आणि जे काम मर्जरमुळे दुप्पट झालं आहे त्यातलं काय आता बंद करायचं, हे वर लेखी विचारा. आमच्याकडे एकच विवरण जुन्या आणि नव्या अशा दोन नमुन्यांत पाच महिने जात होतं, केवळ कोणी विचारलं नाही म्हणून.

मी पुण्यात आयटीत आहे. एचआरने मीटिंग रूममध्ये बोलावून आजच्या आज राजीनामा द्या म्हटलं. काय करू?

त्या खोलीत सही करू नका. ‘विचार करून ईमेलवर कळवते’ म्हणा आणि बाहेर या. राजीनामा आणि कपात यांत तुमच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. राजीनामा दिला की तुम्ही स्वतःहून गेलात, आणि नुकसानभरपाईचा हक्क बहुधा तिथेच संपतो. बाहेर आल्यावर त्याच दिवशी एचआरला शांत भाषेत ईमेल करा: अमुक वाजता, अमुक जण हजर असताना, मला राजीनामा द्यायला सांगितलं, कारण असं सांगितलं. पगाराच्या स्लिपा आणि नेमणूकपत्र स्वतःकडे ठेवा. कंपनीचा डेटा मात्र चुकूनही बाहेर काढू नका, ते हत्यार त्यांच्या हातात जातं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन ही जुनी तरतूद नव्या संहितेतही आहे. त्याशिवाय पुनर्कौशल्य निधीतून (कमी केलेल्यांना नवं काम शिकता यावं म्हणून असलेल्या) १५ दिवसांचं वेतन ४५ दिवसांत मिळायचं आहे. नोकरी संपल्यावर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. सरकारची पूर्वपरवानगी मात्र ३०० किंवा जास्त कामगार असलेले कारखाने, खाणी आणि मळे यांनाच लागते. पूर्वी ही मर्यादा १०० होती.

तुम्ही ‘कामगार’ आहात का, हे पदाच्या नावावर ठरत नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. ‘असिस्टंट मॅनेजर’ असं कार्डावर छापलं म्हणून हक्क गेला असं समजू नका आणि आहेच असंही गृहीत धरू नका. इथे कामगार कायद्याचा वकील गाठा, नाहीतर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या.

कंत्राटी माणसांचं काय?

त्यांचा प्रश्न मला कोणी फोनवर विचारत नाही, म्हणून मीच घातला. दोन शाखांची एक झाली की एक सफाईवाल्या मावशी, एक सुरक्षा रक्षक आणि एटीएमचा चौकीदार जास्त होतात. त्यांच्यासाठी परिपत्रक निघत नाही, एजन्सीला फोन जातो. आमच्याकडे ११ वर्षं झाडलोट केलेल्या मावशींना शनिवारी कळलं की सोमवारपासून यायचं नाही. त्यांचा पीएफ भरला जात होता का, हे आम्ही तोवर कधी तपासलं नव्हतं. तुम्ही अधिकारी असाल तर आधी तपासा. कंत्राटदाराने दिलं नाही तर मूळ मालकाची जबाबदारी असते, हे लेखी कळवलं की पैसे बऱ्याचदा लवकर सुटतात.

डॉक्टरकडे कधी जावं? आणि कोणत्या?

छातीत दुखणं, धाप, चक्कर असेल तर आजच, आधी फिजिशियनकडे. ‘टेन्शनच आहे’ म्हणून ईसीजी टाळलेली दोन माणसं मी गमावली आहेत.

झोप, भूक, चिडचिड, कशातच रस न वाटणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. दारू वाढली असेल तर दोन आठवडे थांबूच नका. जगणं नकोसं वाटत असेल, मनात मरणाचे विचार येत असतील, तर आत्ता १४४१६ वर फोन लावा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

खर्चाची भीती असेल तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा लक्षात ठेवा. शारीरिक आजारांना ज्या धर्तीवर विमा मिळतो त्याच धर्तीवर मानसिक आजारांनाही मिळायला हवा, असं तो सांगतो. ऑफिसला कळेल या भीतीने लोक जात नाहीत. सर्टिफिकेट रजेसाठी लागतं, उपचारासाठी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने पार गळून जाण्याची, नोंद रोग म्हणून केली नाही, कामाशी संबंधित अवस्था म्हणून केली. त्याचा मी लावलेला अर्थ असा की नुसती गोळी घेऊन भागणार नाही, कामातलंही काहीतरी हलायला हवं.

घरच्यांनी काय करावं?

‘सोडून दे नोकरी’ आणि ‘सगळ्यांनाच असतं टेन्शन’ ही दोन वाक्यं टाळा. संध्याकाळी पहिली वीस मिनिटं काही विचारू नका. माझा नवरा नुसता चहा पुढे ठेवायचा.

फेररचनेत कोणाचं भलं होतच नाही का?

होतं की. आमच्या छोट्या बँकेत ज्या क्लार्क बाईंना प्रमोशन मिळून कुठे जायलाच जागा नव्हती, त्या मोठ्या बँकेत तीन वर्षांत अधिकारी झाल्या. काहींना मेडिकल सुविधा चांगली मिळाली. एका खत्रूड साहेबाच्या हाताखालून सुटलेले चार जण तर मर्जरला अजून नवस फेडतात.

पण भलं झालं त्यांना आपलं पुढे काय होणार ते लवकर कळलं होतं, हे मी पाहिलं. १९९३ मध्ये न्यू बँक ऑफ इंडिया पंजाब नॅशनल बँकेत गेली, सरकारी बँकांमधलं ते पहिलं विलीनीकरण. तेव्हा सिनिऑरिटीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तुमच्याकडे सिनिऑरिटीचा नियम पहिल्याच महिन्यात, उदाहरणांसकट कागदावर आला असेल, तर निम्म्या लोकांची झोप परत आली म्हणून समजा. नियम थोडा अन्यायाचा असला तरी.

हे सगळं किती दिवसांत ताळ्यावर येतं?

पाटी एका दिवसात बदलते. आयएफएससी कोड, चेकबुक, पासबुक यांना वर्ष-सव्वा वर्ष लागतं. सिंडिकेट बँकेचे जुने कोड कॅनरा बँकेने जुलै २०२१ मध्ये बंद केले, मर्जरनंतर सव्वा वर्षाने. माणसांचं म्हणाल तर, चहाच्या वेळी दोन टेबलांची एक टेबल व्हायला आमच्या शाखेला दोन दिवाळ्या लागल्या. आणि तेही एका मूळ बँकेच्या पोराच्या लग्नाला सगळे एकाच जीपमधून गेल्यावर.

जुन्या बँकेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडावं का? तिथे नुसतं रडगाणं चालतं.

म्यूट करा, सोडू नका. आमच्या ग्रुपला अजून जुन्या शाखेचंच नाव आहे आणि डीपीला एक कागदाचा फोटो. ४१ शिक्क्यांचा.